नाशिक–पंढरपूर सायकल वारी

नाशिक–पंढरपूर सायकल वारी ही नाशिक शहरातून सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूरपर्यंत जाणारी वार्षिक सामूहिक सायकल यात्रा आहे. आषाढी एकादशीच्या काही दिवस आधी, बहुधा जून महिन्यातील एखाद्या आठवडाअखेरीस ती काढली जाते. नाशिक सायकलिस्ट्स फाउंडेशन ही संस्था तिचे आयोजन करते. पोलीस अधिकारी हरीश बैजल यांच्या पुढाकाराने २०१२ मध्ये या वारीस प्रारंभ झाला. साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपासचे अंतर सायकलस्वार साधारणतः तीन दिवसांत पार करतात. ही स्पर्धा नव्हे. तिच्यात क्रमांक काढले जात नाहीत. वारकरी संप्रदायाच्या पायी वारीतील समूहजीवन, नामगजर, मुक्काम आणि रिंगण या गोष्टी सायकल प्रवासात आणण्याचा प्रयत्न हे तिचे वैशिष्ट्य होय.

## पार्श्वभूमी

### वारीची परंपरा

ठरावीक तिथीस नेमाने पंढरपूरला जाऊन विठ्ठलाचे दर्शन घेणे म्हणजे वारी आणि ती करणारा तो वारकरी. शब्दाच्या मुळाशी पुन्हा पुन्हा जाण्या-येण्याची कल्पना आहे. त्यामुळे संप्रदायात एकदाच घडलेल्या यात्रेपेक्षा वर्षानुवर्षे न चुकलेल्या नेमास अधिक महत्त्व दिले जाते. आषाढी व कार्तिकी या दोन वाऱ्या प्रमुख मानल्या जातात. संतांच्या समाधिस्थानांहून अथवा जन्मस्थानांहून त्यांच्या पादुका पालखीतून पंढरपूरला नेण्याची आजची पद्धत पुढे रूढ झाली. तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पालखी सोहळा सुरू केला, तर ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी आजचे शिस्तबद्ध रूप दिले.

पायी वारीचा मूळ घटक म्हणजे दिंडी होय. वीणेकरी, मृदंग वाजविणारा, टाळकरी, पताकाधारी, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया आणि मागे चालणारा समुदाय अशी तिची रचना असते. चालताना अभंग गायिले जातात आणि त्यांच्या लयीवर पावलांची गती आपोआप सारखी राहते. मुक्कामाच्या गावी भजन, कीर्तन व हरिपाठ होतो. शेकडो वर्षांची ही गायनपरंपरा मार्गावरील गावांच्याही अंगवळणी पडली आहे.

### नाशिक व निवृत्तिनाथांची पालखी

या परंपरेत नाशिक जिल्ह्याला स्वतंत्र स्थान आहे. ज्ञानेश्वरांचे वडीलबंधू व गुरू संत निवृत्तिनाथ यांची समाधी नाशिकपासून सुमारे २८ किलोमीटर अंतरावरील त्र्यंबकेश्वर येथे आहे. परंपरेनुसार ब्रह्मगिरीच्या परिसरात गहिनीनाथांकडून त्यांना नाथ संप्रदायाची दीक्षा मिळाली आणि इ. स. १२९७ मध्ये त्यांनी त्र्यंबकेश्वरी समाधी घेतली. पौष वद्य एकादशीस तेथे मोठी यात्रा भरते.

निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास त्र्यंबकेश्वरहून निघते. ती मानाच्या पालख्यांपैकी एक आहे. नाशिक, पळसे, लोणारवाडी, खंबाळे, पारेगाव, गोगलगाव, राजुरी, बेलापूर, राहुरी, डोंगरगण, अहिल्यानगर, साकत, घोगरगाव, मिरजगाव, करमाळा, जेऊर, कंदर व करकंब या भागांतून ती पंढरपूरला पोहोचते. सिन्नर तालुक्यातील दातली येथे होणारे रिंगण हे या सोहळ्याचे एक आकर्षण आहे. संपूर्ण प्रवासास साधारणतः साडेतीन आठवड्यांहून अधिक काळ लागतो.

सायकल वारीचा मार्ग अनेक ठिकाणी याच पालखीमार्गाच्या जवळून जातो. पालखीला ज्या पट्ट्यातून जाण्यास तीन आठवडे लागतात, तोच पट्टा सायकलस्वार एका आठवडाअखेरीत ओलांडतात. सायकल वारीतील बहुतेक बदलांचे मूळ वेळेच्या या फरकात आहे.

## प्रारंभ

नोकरी, व्यवसाय अथवा शिक्षण यांमुळे तीन-चार आठवडे मोकळे काढणे शहरी व्यक्तीस बहुधा शक्य नसते. अशा व्यक्तींना वारीचा अनुभव घेता यावा आणि त्याच वेळी सायकलच्या वापरास चालना मिळावी, असा दुहेरी हेतू या उपक्रमामागे होता. आरोग्य, इंधनबचत व पर्यावरण यांविषयीचे संदेश वाटेवरील गावांत पोहोचविणे हाही उपक्रमाचा भाग राहिला आहे.

मोजक्या सहभागींनिशी सुरू झालेली ही वारी पुढे मोठ्या समूहाची झाली. डॉक्टर, शिक्षक, उद्योजक, पोलीस कर्मचारी, विद्यार्थी, गृहिणी व ज्येष्ठ नागरिक अशा विविध थरांतील लोक तिच्यात सहभागी होतात. नाशिक सायकलिस्ट्स फाउंडेशनचे अध्यक्षपद भूषविलेले जसपालसिंग बिर्दी यांचे नाव शहरातील सायकल चळवळीच्या वाढीशी जोडलेले आहे.

## मार्ग

सायकल वारीचे मुक्काम सामान्यतः अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) आणि टेंभुर्णी येथे असतात. त्यानुसार प्रवासाचे तीन टप्पे पडतात.

पहिला टप्पा: नाशिक ते अहिल्यानगर. हा सर्वांत लांब टप्पा असून अंतर दीडशे किलोमीटरांहून अधिक आहे. नाशिक–पुणे महामार्गावरून सिन्नरकडे जाताना मोहदरी घाट लागतो. घाट फार मोठा नसला तरी अंगात ऊब येण्याआधीच चढ समोर येत असल्याने नवख्या सायकलस्वाराची पहिली परीक्षा येथे होते. सिन्नरनंतर मार्ग आग्नेयेस वळतो. लोणी, कोल्हार व राहुरी या बाजूने जाताना कोल्हार येथे प्रवरा आणि राहुरी येथे मुळा नदी ओलांडावी लागते. दोन्ही नद्यांच्या कालव्यांमुळे येथील प्रदेश बागायती आहे.

दुसरा टप्पा: अहिल्यानगर ते टेंभुर्णी. मिरजगाव, करमाळा व जेऊरच्या परिसरातून जाणारा हा टप्पा सुमारे सव्वाशे ते एकशे तीस किलोमीटरांचा आहे. हा भाग पर्जन्यछायेत येतो. जूनमध्ये येथे पुरेसा पाऊस झालेला नसेल, तर शेते उघडी आणि रस्त्याकडेची सावली विरळ असते. अंतर पहिल्या दिवसापेक्षा कमी असले तरी आदल्या दिवसाचा थकवा आणि दुपारचे ऊन यांमुळे हाच दिवस अवघड ठरू शकतो. टेंभुर्णी हे पुणे–सोलापूर महामार्गावरील गाव असून उजनी धरण तेथून जवळ आहे.

तिसरा टप्पा: टेंभुर्णी ते पंढरपूर. करकंबमार्गे जाणारे हे अंतर पन्नास किलोमीटरांच्या आत आहे. शेवटचा टप्पा मुद्दाम लहान ठेवल्याने सकाळच्या वेळेत पंढरपूर गाठून दर्शन, रिंगण व परतीची तयारी यांसाठी अवधी मिळतो.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर, तर पंढरपूर सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे एकूण प्रवास उताराचा दिसतो. परंतु हा उतार साडेतीनशे किलोमीटरांत विभागलेला असल्याने पायांना तो क्वचितच जाणवतो. प्रवरा, मुळा, सीना व भीमा यांच्या खोऱ्यांतून जाणारा रस्ता वारंवार चढतो आणि उतरतो. या दिवसांत पश्चिम व नैऋत्येकडून वाहणारे मोसमी वारे आग्नेय दिशेने जाणाऱ्या सायकलस्वारास बरेचदा बाजूने लागतात आणि उघड्या माळावर सायकल स्थिर ठेवण्यास अधिक श्रम पडतात.

## स्वरूप

### समूहाने चालणे

पायी दिंडीत माणसे ताशी चार-पाच किलोमीटर वेगाने एकत्र चालू शकतात, कारण चालण्याच्या वेगात व्यक्तीपरत्वे फारसा फरक पडत नाही. सायकलवर हा फरक मोठा होतो. ताशी १५ किलोमीटर आणि ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारे दोन सायकलस्वार पहाटे एकत्र निघाले, तर दोन तासांत त्यांच्यामध्ये २० किलोमीटरांचे अंतर पडते. अशा वेळी वारी हा समूह न राहता रस्त्यावर विखुरलेल्या एकट्यादुकट्यांची रांग होण्याचा संभव असतो.

म्हणून मोठ्या सायकल यात्रांमध्ये सहभागींचे लहान गट पाडण्याची पद्धत आहे. प्रत्येक गटात अनुभवी सायकलस्वार पुढे व मागे राहतात, चहा-न्याहारीच्या थांब्यांवर सर्वांची वाट पाहिली जाते आणि सर्वांत संथ सायकलस्वाराच्या मागे मदतीचे वाहन ठेवले जाते. दिंडीत वीणेकऱ्याला सोडून पुढे जाऊ नये असा संकेत असतो. सायकल वारीत शेवटच्या सायकलस्वाराला मागे टाकून मुक्काम गाठू नये हा संकेत तेच काम करतो.

एकामागे एक सायकल चालविण्यात शारीरिक लाभही आहे. पुढच्या सायकलस्वारामुळे हवेचा विरोध कमी होतो आणि मागच्याची शक्ती वाचते. वेग जितका अधिक तितका हा लाभ मोठा असतो. बळकट सायकलस्वारांनी आळीपाळीने पुढे राहिल्यास दमलेल्यांनाही समूहाबरोबर टिकता येते. मात्र दोन सायकलींत सुरक्षित अंतर ठेवणे आणि खड्डा, गतिरोधक किंवा थांबण्याची सूचना हाताने अथवा आवाजाने मागे पोहोचविणे आवश्यक असते.

### अभंग व नामगजर

टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर चालणे आणि अभंग गाणे ही पायी वारीची लय आहे. दोन्ही हात हँडलवर आणि श्वास पायडलवर खर्च होत असल्याने सायकलवर ती जशीच्या तशी राखता येत नाही. त्यामुळे सायकल वारीत भजन व नामगजर हे मुख्यतः प्रस्थानाच्या वेळी, थांब्यांवर आणि मुक्कामाच्या ठिकाणी होतात. रस्त्यावर वाहनांचा आवाज ऐकू येणे ही सुरक्षेची गरज असल्याने कानांत यंत्रे घालून संगीत ऐकणेही अयोग्य मानले जाते. चालता चालता गाण्याची परंपरा येथे थांबून गाण्याची होते. सायकलमुळे वारीच्या रूपात झालेला हा सर्वांत ठळक बदल आहे.

### रिंगण

पालखी सोहळ्यात मोकळ्या मैदानात वारकरी वर्तुळाकार उभे राहतात आणि मधल्या रिंगणातून अश्व धावतात. त्यानंतर टाळकरी, पताकाधारी व तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रियाही रिंगणात धावतात. याच धर्तीवर पंढरपुरात सायकलस्वार सायकलींचे रिंगण करतात. एकात एक वर्तुळे करून संथ गतीने सायकली फिरविल्या जातात आणि विठ्ठलनामाचा गजर होतो. संथ वेगात सायकलचा तोल राखणे कठीण असते. त्यामुळे सायकल रिंगणात वेगापेक्षा परस्परांतील अंतर व ताल सांभाळण्याला महत्त्व येते.

### दर्शन

आषाढीच्या काळात पंढरपुरात भाविकांची संख्या लाखोंच्या घरात जाते आणि पदस्पर्श दर्शनाच्या रांगेत अनेक तास थांबावे लागते. सायकल वारी एकादशीच्या आधी पोहोचत असल्याने शहराच्या व्यवस्थेवर तिचा अतिरिक्त ताण पडत नाही. रांगेत उभे राहणे शक्य नसल्यास नामदेव पायरीचे व कळसाचे दर्शन घेऊन परतण्याची वारकऱ्यांमधील प्रथा एका दिवसात परतणाऱ्या सायकलस्वारांनाही उपयोगी पडते.

## तयारी

सलग दोन दिवस सव्वाशे-दीडशे किलोमीटर सायकल चालविण्यासाठी पूर्वतयारी लागते. ताशी २० किलोमीटर सरासरी वेग धरला, तरी १६० किलोमीटर अंतरासाठी प्रत्यक्ष आठ तास सायकल चालवावी लागते. थांबे धरता हा दिवस बारा तासांचा होतो. त्यामुळे काही महिने आधीपासून अंतर क्रमाने वाढविणे, त्यातही लागोपाठ दोन दिवस सायकल चालविण्याची सवय करणे उपयुक्त ठरते. नाशिककरांसाठी त्र्यंबकेश्वरचा रस्ता हा अशा सरावाचा परिचित मार्ग आहे.

जूनमधील उष्ण व दमट हवेत घामावाटे पाणी व क्षार दोन्ही कमी होतात. तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी पिणे आणि त्यासोबत मीठ-साखर पाणी, लिंबू सरबत किंवा ताक घेणे हितावह असते. शेंगदाणा चिक्की, केळी, राजगिरा लाडू व खजूर हे सहज बाळगता येणारे आणि लवकर शक्ती देणारे पदार्थ आहेत. चक्कर, मळमळ, घाम थांबणे अथवा गोंधळल्यासारखे वाटणे ही उष्माघाताची लक्षणे असू शकतात. अशा वेळी सायकल थांबवून सावलीत जाणे व वैद्यकीय मदत घेणे आवश्यक असते. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, असे सांगितले जाते.

प्रवासासाठी महागडी सायकल आवश्यक नसते. सीटची उंची योग्य असणे, ब्रेक व चेन नीट असणे आणि टायरमध्ये पुरेशी हवा असणे या गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत. सीट खूप खाली असल्यास गुडघ्यांवर ताण येतो. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा असा सर्वसाधारण नियम आहे. हेल्मेट, पुढचा व मागचा दिवा, परावर्तक पट्टी, जादा ट्यूब, पंक्चरचे साहित्य व हातपंप हे आवश्यक साहित्य होय.

## रस्तासुरक्षा

पायी पालखी सोहळ्यासाठी प्रशासन वाहतूक वळविते, रस्त्यावर पोलीस नेमते आणि मुक्कामाच्या गावी पाणी, आरोग्य व स्वच्छतेच्या सोयी करते. सायकल वारी मात्र चालू वाहतुकीतून जाते. मार्गातील काही भाग महामार्गांचा असल्याने ट्रक व बस यांच्या शेजारून सायकल न्यावी लागते. अरुंद साइडपट्टी, तिच्या कडेला पडलेली खाच, पुलांवरील लोखंडी सांधे आणि पहिल्या पावसाने निसरडा झालेला रस्ता हे येथील नेहमीचे धोके आहेत. अंधारात प्रवास टाळणे, दोनापेक्षा अधिक जणांनी शेजारी शेजारी सायकल न चालविणे आणि फिकट अथवा चमकदार रंगांचे कपडे वापरणे ही त्यांवरील किमान काळजी होय. सायकलस्वार मोठ्या संख्येने एकत्र दिसले, तर वाहनचालक अधिक सावध होतात, हाही समूहाने जाण्याचा एक लाभ आहे.

## नाशिकमधील सायकल चळवळ

सायकल वारीची वाढ आणि नाशिकमधील दीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगची वाढ एकाच काळात झाली. नाशिकचे डॉ. हितेंद्र महाजन व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा दोघांच्या गटात पूर्ण केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओशनसाइड ते पूर्व किनाऱ्यावरील ॲनापोलिस अशी सुमारे ४,८०० किलोमीटरांची ही स्पर्धा पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ होता. २०१७ मध्ये नाशिक येथे नेमणुकीस असलेले लष्करी डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी हीच स्पर्धा एकट्याने पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही ती एकट्याने पूर्ण केली.

ठरावीक वेळेत २००, ३००, ४०० किंवा ६०० किलोमीटर अंतर कापण्याच्या ब्रेव्हे प्रकारालाही याच काळात महाराष्ट्रातील शहरांत प्रतिसाद वाढला. या प्रकारात २०० किलोमीटरांसाठी साडेतेरा, तर ६०० किलोमीटरांसाठी ४० तासांची मर्यादा असते. सायकल वारीत अशी मर्यादा नसल्याने स्पर्धेत न उतरणाऱ्या व्यक्तीस लांब पल्ल्याचा पहिला अनुभव घेण्याची संधी तिच्यात मिळते.

## इतर सायकल वाऱ्या

पंढरपूरकडे सायकलने जाण्याची पद्धत नाशिकपुरती मर्यादित नाही. पिंपरी-चिंचवड येथील इंडो ॲथलेटिक्स सोसायटी पुणे–पंढरपूर–पुणे अशी सायकल वारी काढते. राज्याच्या इतर शहरांतील सायकल मंडळेही अशा यात्रा आयोजित करतात.

जगातील इतर तीर्थयात्रांतही सायकलला स्थान मिळाले आहे. स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला येथे जाणाऱ्या ख्रिस्ती यात्रेकरूंना किमान १०० किलोमीटर पायी अथवा २०० किलोमीटर सायकलने आल्यास यात्रा पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र मिळते. म्हणजे तेथे दोन्ही साधनांच्या श्रमांचे माप ठरविण्यात आले आहे. पंढरपूरच्या वारीत असे माप अथवा प्रमाणपत्र नाही.

## वारी म्हणून स्थान

सायकलने केलेल्या प्रवासास वारी म्हणावे काय, हा प्रश्न या उपक्रमाच्या संदर्भात उपस्थित होतो. संप्रदायाच्या दृष्टीने तुळशीमाळ, एकादशीचे व्रत, नामस्मरण आणि नेम ही वारकऱ्याची लक्षणे आहेत. सायकल वारीतील सर्वच सहभागी माळकरी नसतात, यात्रा एकादशीच्या तिथीस पोहोचत नाही आणि अभंगगायनाचा काळही कमी असतो. पायी वारीत वाटेवरच्या गावाशी होणारी रात्रीची ओळख, शेतकऱ्याच्या अंगणातील मुक्काम आणि पंगतीतील जेवण यांतले बरेच काही तीन दिवसांत साधत नाही. या अर्थाने सायकल वारी ही पायी वारीचा पर्याय ठरत नाही.

दुसऱ्या बाजूने, वारीत साधनापेक्षा नेमाला महत्त्व असल्याचे अलीकडच्या इतिहासातही दिसते. कोविड-१९ साथीमुळे २०२० व २०२१ या वर्षी नेहमीची पायी वारी होऊ शकली नाही. त्या वेळी मानाच्या पालख्यांतील पादुका एसटी बसने पंढरपूरला नेण्यात आल्या आणि वारीचा नेम खंडित होऊ दिला गेला नाही. सायकल वारीतही दरवर्षी परतून येणाऱ्या सहभागींमुळे असा नेम निर्माण होतो. रस्त्यात एकमेकांना ‘माऊली’ म्हणून हाक मारणे, कोणाची सायकल बंद पडल्यास सोबत्यांनी थांबणे आणि पद, वय व व्यवसाय बाजूला ठेवून एकाच पंगतीत बसणे हे वारीतील संकेत सायकलवरही पाळता येतात. पालखीमार्गाच्या जवळून जाणाऱ्या या प्रवासात काहींना पायी दिंडीत जाण्याची इच्छाही होते. नाशिक–पंढरपूर सायकल वारी त्यामुळे धार्मिक यात्रा, आरोग्यविषयक उपक्रम आणि सायकल प्रसार या तिन्ही रूपांत ओळखली जाते.